पांडुरंग नावाचं वजन

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं गाव. इथल्या कुठल्याही जुन्या यादीवर बोट ठेवा, दोन-चार ओळींत एखादा पांडुरंग, विठ्ठल, ज्ञानेश्वर नाही तर तुकाराम सापडतोच. बायकांच्या यादीत रुक्मिणी. विठोबाच्या मुलखात याचं नवल नाही. पण दोन याद्या एकमेकींशी जुळवायला बसलं की हीच गोष्ट नडते. सातबारावरचा पांडुरंग विठोबा, आधारवरचा पांडुरंग विठ्ठल आणि पासबुकावरचा नुसता पी. व्ही. हा एकच माणूस की तिघं वेगळे? उत्तर चुकलं तर कुणाचं तरी अनुदान अडतं, नाही तर एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागतं.

यावरून करकंबच्या एका घरात मामा-भाचीची चांगलीच जुंपली. मामा पंचक्रोशीतल्या एका विविध कार्यकारी सोसायटीचे निवृत्त गटसचिव. कर्जमर्यादेची क. म. पत्रकं, कर्जरोखे, वसुलीच्या याद्या यांत त्यांची सगळी नोकरी गेली. भाची पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, रुबी भाषेत. सोसायटीची जुनी सभासद यादी शेतकऱ्यांच्या सरकारी फार्मर आयडीच्या यादीशी जुळवून दे, एवढंच मामांनी तिला सांगितलं होतं. निवृत्त सचिव माणसाच्या निवाड्याची बाजू घेईल आणि प्रोग्रामर मशीनची, अशी कुणाचीही समजूत होईल. इथे नेमकं उलटं होतं. माझं मत बरंचसं भाचीकडे झुकतं, पण मामांच्या एका मुद्द्याला तिच्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, तोही इथे आला पाहिजे.

मामा : यात डोकं लावण्यासारखं काय आहे? नावावरून माणूस ओळखायचे दिवस गेले. आधारचा बारा आकडी नंबर आहे. त्यावर फार्मर आयडी आला, एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना तो लागतोच. नंबराला नंबर लाव, काम संपलं.

भाची : नंबर असेल तर मिनिटाचं काम आहे. रुबीत ‘सिक्वेल’ नावाची लायब्ररी आहे, डेटाबेसशी बोलणारी. दोन टेबलं आणि सामाईक रकाना सांगितला की ती ओळीला ओळ जोडून देते. पण तुमच्या यादीत नंबर कुठे आहे, मामा? यात १९८० सालचे सभासद आहेत.

मामा : जुन्यांचे नाहीत. नव्यांचे आहेत, तेही सगळ्यांचे नाहीत. फार्मर आयडीच्या यादीत तर सगळ्यांचे आहेत ना?

भाची : ते तिथे कसे आले ते बघा की. नोंदणी करताना सातबारावरचं नाव आणि आधारवरचं नाव ताडून बघतात, किती जुळलं त्याचा गुण पडतो. म्हणजे सातबाऱ्याला नंबर लागला तो नावाच्याच भरवशावर. नंबर आल्यामुळे नावाची जुळणी टळली नाही. ती एकदा झाली आणि मग नंबराच्या आड गेली.

मामा : एकदाच झाली ना! आमच्या वेळी दर योजनेला नव्यानं व्हायची. आणि नंबर लिहिताना चुकलं तर मशीन पकडतं म्हणतात.

भाची : पकडतं. आधारचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ साली ती रीत मांडली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर नंबर खोटा ठरतो. पण खरा नंबर भलत्याच माणसापुढे लिहिला तर ती रीत काय करणार? लिहिण्यातली चूक लगेच उघडी पडते. ही चूक मात्र शिक्कामोर्तब होऊन बसते, आणि तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच आपण खरे आहोत हे दाखवत फिरावं लागतं.

मामांचा नंबरावरचा विश्वास ऐकीव नाही. २०१७ ची कर्जमाफी त्यांनी टेबलाच्या अलीकडून पाहिली आहे. २४ जून २०१७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. आकडा ३४,०२२ कोटींचा, मर्यादा दीड लाखाची. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी आणि सोसायट्यांनी त्याच खात्यांची माहिती ६६ रकान्यांच्या तक्त्यात भरायची, मग ही दोन्ही गाठोडी एकमेकांशी ताडायची. जुळलं ते ‘ग्रीन लिस्ट’मध्ये गेलं. जुळलं नाही ते ‘मिसमॅच’ म्हणून तालुकास्तरीय समितीपुढे आलं. त्या दिवाळीत आणि पुढे कितीतरी महिने गावोगावच्या सोसायट्यांत एकच प्रश्न होता : माझं नाव ग्रीनमध्ये आलं का?

मामा : रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलोय आम्ही. अर्जात ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत डी-एन-वाय असा, बँकेत जी-वाय असा. एकच माणूस, मी त्याला शाळेपासून ओळखतो. पण मशीन म्हणणार, दोघं आहेत. म्हणून सांगतो, नावाच्या फंदात पडू नको.

भाची : मशीनला नुसतं ‘सारखं आहे की नाही’ एवढंच विचारलं तर ते तेवढंच सांगणार. ‘किती सारखं’ असं विचारता येतं. त्याच्या जुन्या रीती इंग्रजी नावांसाठी केलेल्या, हे मात्र खरं. साउंडेक्सचं पेटंट १९१८ चं, अमेरिकेतलं. त्यात नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवतात आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देतात. तुमच्या ज्ञानेश्वराचा एकीकडे डी-५५२ होतो, दुसरीकडे जी-५२६. पहिल्याच अक्षराला गाडी अडली.

मामा : मग?

भाची : मग दुसरी रीत. रुबीत ‘लिंकेज’ नावाची लायब्ररी आहे, याच कामाची. दोन टेबलं द्यायची, कुठला रकाना कुठल्या रकान्याशी ताडायचा आणि कसा ताडायचा ते सांगायचं. ती प्रत्येक जोडीला शून्य ते एक असा गुण देते, सगळ्या रकान्यांची सरासरी काढते आणि आपण ठरवलेल्या रेषेच्या वर जे असेल ते ‘जुळलं’ म्हणून लिहून ठेवते. नावांसाठी जॅरो-विंकलर वापरतात. जॅरोनं ते अमेरिकेच्या जनगणना खात्यात केलं, विंकलरनं त्यात भर घातली. किती अक्षरं समान, ती जवळपासच्या जागी आहेत का, सुरुवात सारखी आहे का, हे ते बघतं.

इथे तिनं लॅपटॉप मामांकडे फिरवला आणि दोन जोड्या चालवून दाखवल्या. दोन्हींत नावं रोमन स्पेलिंगनं होती.

पहिली जोडी एकाच माणसाची. स्वतःचं नाव तेच, आडनाव तेच, फक्त वडिलांचं नाव एका यादीत विठोबा आणि दुसरीत विठ्ठल. दोन्हींची सात-सात अक्षरं, त्यांतली पाच जुळतात, सुरुवातीची तीन सारखी. गुण आला ०.८७. तिन्ही रकान्यांची सरासरी ०.९६. दुसरी जोडी दोन सख्ख्या भावांची : रमेश आणि राकेश. वडील एक, आडनाव एक. सहापैकी पाच अक्षरं जुळली, नावाचा गुण ०.९१ आणि सरासरी ०.९७.

मामा : म्हणजे दोन वेगळे भाऊ जास्त जुळले आणि एक माणूस स्वतःशी कमी जुळला!

भाची : हो. रेषा ०.९५ वर ठेवली तर दोन्ही जोड्या ‘जुळल्या’. ती ०.९६५ वर नेली तर भाऊ एक झाले आणि तो बिचारा बाहेर. कुठेही ठेवा, दोन्ही बरोबर येत नाहीत.

मामा : बघ, मी हेच म्हणत होतो.

भाची : तुम्ही म्हणत होता की नाव टाकून द्या. मी म्हणते, नाव तोलायला शिका. नुसती सरासरी काढली की सगळे रकाने एका मोलाचे होतात. तसे ते नसतात.

या पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. नोंदींची जुळणी हे शास्त्र जुनं आहे. अमेरिकेतल्या हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये त्याला नाव दिलं. कॅनडाच्या हॉवर्ड न्यूकम्ब यांनी १९५९ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लग्नाच्या आणि जन्माच्या नोंदी संगणकावर जुळवून दाखवल्या. विरळ नाव जुळलं तर त्याला जास्त किंमत द्यायची आणि सरसकट आढळणाऱ्या नावाला कमी, ही त्यांची नजर. त्याला गणिताची पक्की चौकट दिली इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी, १९६९ साली. दोघं कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातले. फेलेगी हंगेरीतून आलेले निर्वासित, पुढे त्याच खात्याचे प्रमुख झाले. भाचीनं हीच चौकट करकंबवर बसवून दाखवली.

भाची : तुमच्या गावात शंभर पुरुषांत चार पांडुरंग आहेत असं धरा. एका यादीत ‘पांडुरंग’ असेल आणि दुसरीतला माणूस वेगळाच असेल, तरी नाव योगायोगानं जुळण्याची शक्यता शंभरात चार. खरंच एकच माणूस असेल तर नाव जुळण्याची शक्यता शंभरात नव्वद धरू, कारण लिहिणारे चुकतात. नव्वदला चारानं भागा, साडेबावीस. म्हणजे ‘पांडुरंग’ जुळल्यानं, हा एकच माणूस असल्याचा आपला संशय साडेबावीस पट पक्का झाला. आता हजारात एखादाच सापडणारा अच्युत घ्या. तो जुळला तर नऊशे पट. एकाच रकान्यातली दोन नावं, पण दोन्हींचं वजन वेगळं.

मामा : म्हणजे पंढरपूरच्या पट्ट्यात पांडुरंगाचं वजन कमी!

भाची : या कामापुरतं कमी. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीच्या यादीत कदाचित जास्त भरेल. म्हणून दिल्लीत किंवा पुण्यात बसून एकच रेषा सगळ्या महाराष्ट्राला आखता येत नाही. त्या त्या गावची नावं मोजूनच वजनं काढावी लागतात.

मामा : मग जन्मतारीख घे. ती तरी पक्की.

भाची : तुमची काय आहे, मामा?

मामा : एक जून.

भाची : मामींची?

मामा : तिचीही एक जूनच. मास्तरांनी शाळेत घालताना लावली. आमच्या वयाच्या निम्म्या गावाची तीच निघेल.

भाची : आणि आधार काढताना ज्यांना फक्त साल सांगता आलं, त्यांची एक जानेवारी. साठीच्या पुढच्या दहांत दोघांची १ जून असली, तर ती जुळून संशय साडेचार पटच पक्का होतो. एखाद्याची १७ ऑगस्ट असेल आणि तीच दोन्हीकडे आली, तर तीनशे पटींहून जास्त. म्हणजे जन्मतारखेच्या रकान्यालाही एकच वजन लावता येत नाही.

इथे मामांनी वही ओढली. आतापर्यंत ते विरोधात बोलत होते, पण ही गोष्ट त्यांच्या ओळखीची होती. सचिवाच्या डोक्यात ही वजनं आधीपासून असतात, फक्त आकड्यांत मांडलेली नसतात. त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. नावापुढचं राव, बा, बाई, आप्पा हे कधी लिहितात, कधी सोडतात, म्हणून आधी काढून टाक. जुन्या उताऱ्यावर ‘ए. कु. मॅ.’ असेल तर ते नाव एका माणसाचं धरू नको, ते एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचं आहे. ‘अ. पा. क.’ असेल तर पुढचा माणूस नोंद झाली तेव्हा अज्ञान होता आणि पालनकर्त्याचं नावही तिथेच लागलेलं आहे, ते वडिलांचंच असेल असं नाही. संगणकावर चढवताना ‘विठ्ठल’मधल्या अर्ध्या ठचा पाय मोडायचा राहिला, तर ‘विठठल’ झालं असणार. गट नंबर फुटून पोटहिस्से पडलेत, म्हणून नुसता गट नंबर जुळला नाही एवढ्यावर माणूस तोडू नको. भाची हे सगळं उतरवून घेत होती. यातली एकही ओळ लायब्ररीबरोबर येत नाही. ती लायब्ररी वापरणाऱ्यानंच लिहायची असते, आणि ज्याला ए. कु. मॅ. माहीत नाही तो ती लिहिणार कशी?

सगळ्यात अवघड निघाल्या बायका.

मामा : लग्न झालं की पोरीचं मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. आमच्या पिढीत तर सासरी पाळण्याचं नावही बदलायचे. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून एक बाई, सासरच्या आधारवर दुसरीच. तीनपैकी तीन रकाने गेले. लाव तुझं वजन आता!

भाची : नाही लागत. पुरुषांसाठी केलेलं गणित इथे तिला ‘वेगळी’ ठरवणार, कारण त्यात माणसाचं नाव जन्मभर तेच राहतं असं गृहीत धरलंय. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग हवा : गाव, गट नंबर, भावाचं नाव, फेरफाराचा क्रमांक. मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येणार आहे. त्या पोरांच्या नावात चार रकाने असतील, आज आपण लिहिलेले नियम त्यांना लागणार नाहीत.

मामा : एवढे फाटे फुटणार असतील तर सरळ नंबर बरा. तू मला अजून पटवलेलं नाहीस. हे बघ, माणसं साधी नसतात. सोसायटीतून एका नावानं उचल घ्यायची, बँकेतून दुसऱ्या नावानं. वडिलांच्या नावात थोडा बदल केला की झालं. तुझ्या या ‘साधारण जुळतंय’नं त्यांचं फावतं.

भाची : उलट त्यांना नेमकं हेच पकडतं! नंबर दोन ठिकाणी वेगळा असेल तर नंबराला पत्ताही लागत नाही. ‘हे दोघं एकच वाटतात’ हे फक्त नाव, गट नंबर, पत्ता एकत्र तोलूनच कळतं. माझं म्हणणं एवढंच, की ‘वाटतात’ आणि ‘आहेत’ यांच्या मध्ये कुणीतरी जाऊन विचारलं पाहिजे. फेलेगी-संटरनी दोन ढीग सांगितलेच नाहीत, तीन सांगितलेत. नक्की जुळले, नक्की नाही जुळले आणि मधले. मधला ढीग माणसानं बघायचा. तो कमीत कमी कसा ठेवायचा, एवढंच त्यांचं गणित सांगतं. मधला ढीग नसावाच, असं ते कुठेच म्हणत नाहीत.

मामा : मधल्या ढिगापाशी माणूस बसवलास की त्याच्या दारात रांग लागते, पोरी. मी त्या खुर्चीवर बसलोय. ‘तुमचं जुळत नाही, उद्या या’ म्हटलं की पुढचा माणूस खिशात हात घालतो. मी नाही घेतले, पण घेणारे बघितले. ओळखीच्याचं नाव लगेच जुळतं. वस्तीवरचा, न बोलणारा, त्याचं महिनाभर जुळत नाही. मशीनला निदान जात, भावकी, पार्टी कळत नाही. म्हणून मी नंबर-नंबर करतो.

हा तो मुद्दा. इथे भाची लगेच बोलली नाही, आणि मलाही तो झटकून टाकता येत नाही. माणसाच्या हाती निवाडा द्या म्हणणाऱ्यांनी तो निवाडा गावात कसा होतो हे बघितलेलं असावं लागतं.

भाची : रांग लागते, कारण शेतकऱ्यानं तुमच्याकडे यायचं असतं. मी म्हणते, उलट करा. ज्याची जुळणी लागली नाही त्याच्याकडे तुम्ही जायचं, आणि तोवर त्याचं काही थांबवायचं नाही. हेलपाटा त्याचा नाही, तुमचा. कुणी विचारलं, कधी विचारलं, काय पुरावा बघितला, ते त्या नोंदीसमोर लिहायचं. आणि त्यातल्या काही नोंदी दुसऱ्या माणसानं, पहिल्याचं उत्तर न बघता, पुन्हा तपासायच्या. दोघांची उत्तरं वेगळी निघाली की कळतं, कोण कुणाचं नाव लवकर जुळवतं.

मामा : आधी थांबवलं नाही तर पैसा गेला की! परत कोण आणून देतं?

भाची : आणि आधी थांबवलं तर? तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची व्यवस्था होती. वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या जुळवून कोण पात्र, कोण अपात्र हे काढायची. रिक्षा चालवून पोट भरणाऱ्या एका माणसाचं नाव कुठल्या तरी मोटारमालकाच्या नावाशी जुळलं आणि त्या घराचं रेशन गेलं. सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं, रद्द केलेली कार्डं प्रत्यक्ष जाऊन पुन्हा तपासा. अमेरिकेतल्या काही राज्यांनी ‘क्रॉसचेक’ नावानं मतदार याद्या जुळवल्या, नाव आणि जन्मतारखेवर. त्या जुळणीवरून नावं काढायची एक पद्धत सुचवली होती. अभ्यासकांनी मोजलं, तर एक दुबार मत अडवायला सुमारे तीनशे खरी मतं त्यात अडकली असती. कोट्यवधींच्या यादीत एकाच नावाची आणि एकाच तारखेची दोन माणसं असतातच. तिथे १ जूनही नव्हता, तरी ही गत.

मामा : ते तिकडचं. आपल्याकडे लाडकी बहीण योजनेत पुरुषांनीही अर्ज केले, हे विसरू नको.

भाची : नाही विसरत. २०२५ च्या जूनपासून सुमारे २६ लाख जणींचा हप्ता तात्पुरता थांबवला होता, वेगवेगळ्या खात्यांच्या माहितीवरून. त्यात खोटेही होते. पण पात्र निघतील त्यांचा पुन्हा सुरू करू असं सांगितलं, म्हणजे पात्रही असू शकतात हे आधीच ठाऊक होतं. मग घरोघरी तपासणी. माझं भांडण फक्त त्या क्रमाशी आहे. थांबवून विचारायचं की विचारून थांबवायचं? दीड हजार रुपयांनी सरकारचं फार अडत नाही, त्या बाईचं त्या महिन्याचं सगळं अडतं. चूक दोन्हीकडे होणार असेल, तर ज्याला सोसेल त्याच्या पारड्यात ती टाकावी.

माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. जुळणीची रेषा कुठे आखायची हा प्रश्न गणिताचा वाटतो, पण गणित एवढंच सांगतं की रेषा वर नेली तर खरे किती सुटतील आणि खाली आणली तर खोटे किती शिरतील. सुटलेल्याचं नुकसान मोठं की शिरलेल्याचं, हे ठरवणं आपल्याकडेच राहतं, आणि ते ठरवताना सुटलेला माणूस बहुधा त्या खोलीत नसतो. आपल्याकडे हे बरं झाल्याची उदाहरणंही आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्याला अर्ज भरावा लागला नाही. बँकेनं माहिती द्यायची, विशिष्ट क्रमांकासह यादी लावायची, मग शेतकऱ्यानं केंद्रावर जाऊन अंगठा लावताना समोर दिसणारी रक्कम मान्य आहे की अमान्य ते सांगायचं. अमान्य म्हटलं तर तक्रार समितीकडे. नोंद ज्याची, त्याला शेवटच्या शिक्क्याआधी विचारलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नगरपालिका निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे लावले आणि कोणत्या केंद्रावर मत देणार ते त्यांच्याकडूनच विचारून घ्यायचं ठरवलं. मशीननं खूण केली, नाव कापलं नाही. २०१९ ची ही रीत मामांनीही नाकारली नाही. ते म्हणाले, त्या वर्षी आमच्या दारातली रांग खरंच कमी होती.

मग दोघं कामाला लागले. वीस हजार ओळींची एक यादी दुसऱ्या तेवढ्याच यादीशी सरसकट ताडली तर चाळीस कोटी जोड्या होतात, म्हणून आधी गावाप्रमाणे गट पाडले आणि गावातल्या गावातच ताडलं. मामांनी सांगितलेले नियम आधी लावले, वजनं याच यादीतून मोजून काढली. तीन ढीग पडले. पहिला मोठा निघाला. मधला मामांनी एका बैठकीत निम्मा ओळखून दाखवला, पण भाचीनं त्यांचं ‘मी ओळखतो’ पुरावा म्हणून घेतलं नाही. प्रत्येकापुढे गट नंबर किंवा फेरफार लिहायला लावला. मामा चिडले, पण लिहीत गेले, आणि दोन ठिकाणी लिहिताना थांबून म्हणाले, हा तो नव्हे, याचा चुलतभाऊ.

मामा : आणि हे तुझे ‘नक्की नाही जुळले’? यातले निम्मे मयत आहेत. मेलेल्या माणसाला फार्मर आयडी कुठून येणार?

भाची : मग ते जुळणीचं अपयश नाही. सोसायटीच्या यादीत ते अजून जिवंत आहेत, एवढंच.

मामा : सातबाऱ्यावरही असतील. ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत २०२५ साली वारसांची नावं लावायला घेतली, पण जिथे भावाभावांत वाद आहे तिथे कशी लागणार? आणि वारस लागेपर्यंत त्या पोरानं पीककर्ज कुठून घ्यायचं? तुझ्या लायब्ररीत आहे याला रकाना?

भाची : नाही. वेगळा ढीग करते, ‘वारस नोंद बाकी’ म्हणून. न जुळलेल्यांत त्यांना टाकणार नाही.

मामा : कर. आणि मधला ढीग चावडीवर लाव, आठ दिवस. लोक स्वतः येऊन सांगतील.

भाची : कर्जाची यादी चावडीवर? कुणी किती थकवलंय ते साऱ्या गावाला दाखवायचं?

मामा : रक्कम काढून टाक. नाव, गट नंबर आणि सभासद क्रमांक, बस.

भाची : गट नंबरावरून माणूस कळतोच गावात. त्यापेक्षा चिठ्ठी घरी पाठवा.

मामा : चिठ्ठी कोण नेणार? शिपाईसुद्धा उरला नाही सोसायटीत.

हे त्यांचं मिटलेलं नाही. मधल्या ढिगाची यादी भाचीनं रकमेशिवाय आणि आधारशिवाय छापून दिली आहे. ती चावडीवर लागणार की घरोघर जाणार, हे सोसायटीच्या पुढच्या मासिक सभेत ठरेल. तोवर त्या यादीतल्या कुणाचंही नाव कमी करायचं नाही, असं मामांनी तिच्या वरच्या समासात लाल शाईनं लिहून खाली सही केली आहे.